प्लेअर टू आणि माझा भोपळा

सोमवार, २७ ऑक्टोबर

अनुष्का आज पहाटे बंगळूरला परत गेली. मागे दोन गोष्टी ठेवून गेली. चकल्यांचा अर्धा डबा आणि तिचा जुना फोन. चकल्या माझ्यासाठी, फोन तिच्या बाबांसाठी.

"आई, यात एकाच ॲपमध्ये चाळीस गेम आहेत. सिम नाही, नेट लागत नाही, जाहिराती नाहीत. बाबांना रोज थोडा वेळ उजव्या हाताने खेळू दे. डेन्झिलनीच सुचवलंय."

डेन्झिल म्हणजे ह्यांचे फिजिओथेरपिस्ट, भुईगावचे. एक दिवसाआड स्कूटरवरून येतात आणि दारातूनच गरजतात, "काका, आज कुस्ती होऊन जाऊ दे!" जूनमध्ये ह्यांना अर्धांगाचा झटका आला. देवाच्या दयेने पाय सावरला, जीभ सावरली. उजवा हात मात्र रुसून बसला आहे. डेन्झिल म्हणतात, हे पहिले काही महिनेच मोलाचे. आत्ता बोटं चालवली तर चालतील, नंतर ती ऐकत नाहीत. आणि हे तो हात मांडीवर पालथा ठेवून बसून असतात, एखाद्या परक्या माणसाने सांभाळायला दिलेल्या सामानासारखा.

हा हात ड्राफ्ट्समनचा. पट्टी न लावता सरळ रेघ ओढायचा. लग्नानंतर पहिल्यांदा मला ह्यांनी काय दिलं असेल, तर आमच्या निर्मळच्या माहेरच्या घराचा नकाशा, विहिरीसकट, नुसत्या आठवणीने काढलेला. आता डेन्झिलनी मऊ चेंडू दाबायला दिला तर म्हणाले, "मी काय कुत्र्याचं पिल्लू आहे?" आणि चेंडू सोफ्याखाली. जेवताना मला स्वयंपाकघरात पाठवतात. डाव्या हाताने चमच्याने खातात, ते कुणी बघायचं नाही.

फोन बघून म्हणाले, "पोरखेळ." हल्ली दिवसाला पाच-सहा शब्दांवर भागवतात, त्यातला आजचा एक यावर खर्च झाला.

आजारी माणसाशी मऊ बोलावं. शाळेत सिस्टर बेनेडिक्टा सांगायच्या, मुलीचा आवाज असा हवा की समोरच्या मेणबत्तीची ज्योत हलू नये. जूनपासून मी तसंच बोलते आहे. "घेता ना अजून थोडं? हो हं. शाब्बास." चार महिन्यांत एकदाही आवाज चढवलेला नाही. पूर्वी आम्ही पंख्याच्या वेगावरून सकाळ-संध्याकाळ भांडायचो. आता पंखा ते म्हणतील तसा. ते काहीच म्हणत नाहीत, म्हणून तो दोनवर असतो.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

एक ठरवलं आहे. चाळीस खेळ आधी मी करून बघणार आणि ह्यांच्या पदाला शोभेल असा एक निवडून समोर ठेवणार. भाजी वाढायच्या आधी मी चाखून बघतेच ना? सिस्टर द्यायच्या तसे शेरेही देणार.

फळं कापायचा खेळ. फळं खालून उडतात, ती हवेत बोटाने कापायची. आंबे, कलिंगडं, अननस, सगळ्याचा नुसता चिखल. खायला कुणी नाही. मी बागायतदाराची मुलगी, मला बघवेना. शेरा: उधळपट्टी.

गाडी पार्क करायचा खेळ. मी आयुष्यात लेडीज सायकलपलीकडे काही चालवलेलं नाही. गाडी कारंज्यात गेली. परत गेली. तिसऱ्यांदा मी कारंज्याच्या दिशेनेच निघाले, म्हणजे निदान ठरवल्याप्रमाणे तरी होईल, तर गाडी बेकरीत शिरली. शेरा: प्रयत्न चांगला.

हॉटेल चालवायचा खेळ. गिऱ्हाईक येतं, बर्गर मागतं, आपण द्यायचा. मी पाव नीट शेकत होते तेवढ्यात एक मिशीवाला लाल होऊन पाय आपटायला लागला. त्याच्या मागची बाईपण आपटायला लागली. इतकी वर्षं घरी पाहुण्यांना जेवायला घातलं, कुणी पाय आपटले नाहीत. बंद केलं.

नवरी सजवायचा खेळ. यात सगळी दुपार गेली. साडी नव्हती, पांढरे झगे होते, खरंच सुंदर होते. शाळेच्या नाटकात मी एकदा परी झाले होते, तेव्हा माझी मैत्रीण क्लेमेंटीन, तिच्या आईने स्वतःच्या लग्नाच्या झग्याची लेस काढून माझ्या पंखांना लावली होती. ह्यांना हा खेळ अर्थातच चालणार नाही. तरी उद्या परत एकदा तपासून बघेन.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

मिळाला! शेतीचा खेळ. आपल्याला एक शेत मिळतं. बोट टेकवलं की बी पडतं, परत टेकवलं की पाणी. पिकलं की बोटाने ओढत टोपलीत न्यायचं. डेन्झिल म्हणतात ती 'टेकवा, दाबा, ओढा' ही सगळी कसरत यात आहे. वांगं चार मिनिटांत येतं. आमचे बाबा हे ऐकून खुर्चीतून पडले असते.

सुरुवातीला फोन विचारतो, प्लेअर वन की प्लेअर टू. मी वन घेतलं. माझ्या शेताला लागून कुंपण, कुंपणाला एक फाटक, आणि फाटकापलीकडे प्लेअर टूचं शेत. ते ओसाड आहे. फाटकापाशी एक टोपली आहे. आपण तिच्यात काही ठेवलं की ते शेजाऱ्याला मिळतं. कुठल्या देशात असेल बिचारा, कोण जाणे.

ह्यांच्यापुढे फोन धरून सगळं मऊ आवाजात समजावलं. "हे बघा, वांगं! टेकवायचं हं बोट? एक टेकवता? माझ्यासाठी?"

"मला झोप आलीये," म्हणाले आणि डोळे मिटले. सकाळचे दहा वाजले होते.

फोन त्यांच्या खुर्चीशेजारच्या तिवईवर ठेवून दिला. राहू दे तिथे. मी सध्या शेत सांभाळते, सोडून दिलं तर जळून जाईल.

सोमवार, ३ नोव्हेंबर

प्लेअर टू आला! संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे क्लेमेंटीनबरोबर खाली फेऱ्या मारायला गेले होते. क्लेमेंटीन तळमजल्यावर राहते. शाळेत एका बाकावर, आता एका बिल्डिंगमध्ये. परत येऊन शेत उघडलं तर पलीकडच्या ओसाड शेतात एक मुळा. वाफ्यात नाही, वाटेच्या मधोमध. आणखी बऱ्याच बिया इकडेतिकडे सांडलेल्या. अगदी लहान मूल असावं. नाहीतर फार म्हातारं माणूस.

मी शेजारधर्म म्हणून टोपलीत सहा वांगी ठेवली. क्लेमेंटीनकडे नाही का मी पहिल्या तोडीची पाठवत, निर्मळहून भावाने आणली की.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सांगायला लाज वाटते. टोपली रिकामी परत आली.

वांगी घेतली आणि टोपली रिकामी! आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत जात नाही. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर घालतात. क्लेमेंटीनची आई तर कढीपत्त्याची काडी ठेवायची. पण रिकामं भांडं? ते तर भांडण झाल्यावर पाठवतात.

मी फोनलाच सुनावलं. "अरे बाळा, तुझ्या आईने तुला काही शिकवलं नाही का रे?"

हे पेपर वाचत होते. पेपर एकदम खाली आला, परत वर गेला.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

मी रोज पाठवते, तो रोज रिकामी परत करतो. वांगी, टोमॅटो, केळीचा एक लोंगर. शेवटी आज टोपलीत काहीतरी दिसलं. केवढ्या उत्साहाने उघडली. तर गवत! त्याच्या शेतात उगवलेलं तण. एक काडी.

"घरातल्या म्हाताऱ्या बाईने काही वळण लावलेलं दिसत नाही या मुलाला," मी ह्यांना म्हटलं. आवाज अर्थात हळूच ठेवला.

हे बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कदाचित ओढता येत नसेल त्याला."

पंधरवड्यात पहिल्यांदा एवढं लांब वाक्य बोलले! मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या. "शाब्बास! छान बोललात!"

पेपर वर गेला.

रविवार, ९ नोव्हेंबर

क्लेमेंटीन मासच्या वेळी चर्चमध्ये माझ्या ह्यांच्यासाठी मेणबत्ती लावून आली आणि मग वर चहाला आली. तिला मी शेत दाखवलं. ती चष्मा लावून बघत बसली.

"पण सुहास, यात सिम नाही म्हणतेस ना?"

"नाही."

"वायफाय?"

"अगं, ते अनुष्का असते तेव्हाच. ती गेली की मी बटण बंद करते."

"मग हा प्लेअर टू येतो कुठून?"

"सॅटेलाइटवरून येत असेल. आता सगळं तसंच झालंय."

क्लेमेंटीनने फोनकडे बघितलं. तिवईकडे बघितलं. ह्यांच्या खुर्चीकडे बघितलं. हे छताकडे बघत होते. ती कशाला तरी इतकी हसायला लागली की चहा नाकात गेला.

"हो गं बाय," ती डोळे पुसत म्हणाली, "सॅटेलाइटच असेल."

हसायला काय झालं? तिला विज्ञानात नेहमी माझ्यापेक्षा कमी मार्क असायचे.

बुधवार, १२ नोव्हेंबर

क्लेमेंटीनला अचानक तब्येतीचं वेड लागलं आहे. पूर्वी दोन फेऱ्यांत दमायची, आता मला सोडतच नाही. आज तर पार बाजारापर्यंत नेलं. परत येताना म्हणाली, "अजून एक चक्कर." मी म्हटलं, पाय दुखतात. "दुखू दे," म्हणाली. "तुझ्या नवऱ्याला जरा एकटं राहू दे. सारखी त्याच्या तोंडावर वारा घालत बसतेस."

मला थोडं लागलं. वारा घालते म्हणजे काय? काळजी घेते.

घरी आले तर टोपलीत एक अंडं. पूर्ण, न फुटलेलं. त्याने कोंबडी घेतली वाटतं. पलीकडची रोपं बघितली, तर आता सगळी एका रांगेत आहेत, अशी सरळ की दोरी धरून लावावीत. माझी वांगी त्यापुढे वरात आल्यासारखी वाटतात. मी मनापासून म्हटलं, "बघ, जमतंय की नाही? चांगल्या शेजाराचा परिणाम."

ह्यांना ठसका लागला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

फार चांगला दिवस. डेन्झिल आले, ह्यांचा हात हातात घेतला आणि ओरडलेच, "आंटी, अंगठा खुलतोय! काका, चेंडू दाबताय वाटतं चोरून?"

"नाही," हे म्हणाले. चेंडू सोफ्याखालीच आहे, मी झाडताना बघते.

"मग काय केलं?"

मी सांगितलं की मी रोज तिळाचं तेल कोमट करून लावते आणि मेथीचा लाडू देते. डेन्झिलनी मान डोलावली. "तेल चालू ठेवा, आंटी." पण मग गंभीर झाले. "बोट हलतंय ते ठीक. पकड येत नाही तोवर मी खूश नाही. पाचही बोटांनी धरून ठेवता आलं पाहिजे. नाहीतर काका, पेनही नाही आणि घासही नाही." त्यांनी स्वतःचं मनगट ह्यांच्या तळव्यात ठेवलं. "धरा. सोडू नका." डेन्झिलनी हलकेच ओढलं आणि हात निसटला. ओल्या साबणासारखा.

डेन्झिल गेल्यावर हे भिंतीकडे तोंड करून झोपले. मी पांघरूण घातलं आणि कपाळावरून हात फिरवत "हो हं, हो हं" म्हणत राहिले. ते म्हणाले, "सुहास, जा आता." मी गेले. स्वयंपाकघरात उगीच डबे पुसले.

रविवार, १६ नोव्हेंबर

शेतात जत्रा जाहीर झाली आहे! पुढच्या रविवारी. सगळ्यात मोठा भोपळा आणेल त्याला मोरपिशी रंगाची बैलगाडी. मी भोपळा लावला. याला चार मिनिटं नाही, पूर्ण आठवडा लागतो, आणि दिवसातून तीनदा पाणी. चला, एक तरी खरी शेती.

पलीकडे प्लेअर टूनेही लावला आहे. त्याला मी दुपारी बजावलं, "स्पर्धा खेळीमेळीने व्हायला हवी हं."

आजकाल फोनची बॅटरी भराभर उतरते. तिवईवर चकलीचा चुराही असतो. मुंग्या येतील.

बुधवार, १९ नोव्हेंबर

माझा भोपळा त्याच्या दीडपट आहे. हे मी गर्वाने लिहीत नाही, नोंद म्हणून लिहिते. प्लेअर टू पाणी जास्त घालतो. मी मोठ्याने म्हटलं, "एवढं पाणी घातलंस तर मूळ कुजेल. शेती काय रेघोट्या मारण्याइतकी सोपी वाटली?"

"त्याला काही कळतं की नाही ते त्याचं तो बघेल," हे म्हणाले. चक्क चिडून.

"चिडायचं नाही हं," मी म्हटलं. "बीपी वाढतं."

ह्यांनी पंखा पाचवर केला. मी स्वेटर घातला.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

अनुष्काचा फोन आला. "बाबा खेळतात का गं?"

मी खरं तेच सांगितलं. बोटसुद्धा लावत नाहीत. चाळीसातले बारा खेळ मी तपासले. शेतीत बरी प्रगती आहे, पण ती माझी.

ती म्हणाली, "आई, डॉक्टर म्हणाले होते ना, डिसेंबरपर्यंत पकड आली नाही तर... " पुढचं तिने बोलायचं नाही आणि मी ऐकायचं नाही, असं आमचं झालं. "तू जबरदस्ती कर ना थोडी. पूर्वी कशी करायचीस."

जबरदस्ती कशी करू? त्या माणसाने हॉस्पिटलमध्ये मला ओळखलं तेव्हा तोंड वाकडं होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. तेव्हाच मी मनाशी म्हटलं, या माणसाला पुन्हा कधी माझा चढलेला आवाज ऐकवणार नाही.

उद्या क्लेमेंटीन मला निर्मळच्या जत्रेला नेते आहे. मी नको म्हणत होते, ह्यांना इतका वेळ एकटं कसं ठेवायचं. तर हेच म्हणाले, "जा. सावकाश ये. जेवून ये."

भोपळ्याला सकाळचं पाणी घालून जाईन.

रविवार, २३ नोव्हेंबर

काल लिहिता आलं नाही. मनगट दुखत होतं. माझं.

जत्रेत पोचलो, देवळात जाऊन आलो. तळ्याकाठच्या दुकानांतून क्लेमेंटीनने वर्षभराची सुकेळी घेतली. ही आमच्याकडची वाळवलेली केळी. डेन्झिलसाठीही एक पुडा घेतला. माझ्या भावाकडे जेवायला जायचं होतं. तेवढ्यात गर्दीत क्लेमेंटीनची चप्पल तुटली. अंगठा तुटला असता तर पिन लावली असती, पण अख्खा तळच सुटला. मी रिक्षा केली.

"अगं, इतक्यात कशाला? मी अनवाणी चालते! लोक कुठून कुठून अनवाणी येतात," ती म्हणत राहिली. बिल्डिंगशी आलो तर माझा पदर धरून, "आधी माझ्याकडे चहा घे. सरबत घे. काहीतरी घे!" मला वाटलं, उन्हाने झालं. म्हटलं, आधी ह्यांना बघून येते. ती तुटकी चप्पल हातात घेऊन माझ्या मागून जिना चढली.

किल्लीने दार उघडलं. हे खुर्चीत होते. चष्मा नाकाच्या टोकावर, जीभ दातांत, मांडीवर उशी, उशीवर तो फोन. आणि उजव्या हाताच्या बोटाने माझा भोपळा माझ्या शेतातून फाटकाकडे ओढत होते. हळूहळू. गोगलगायीसारखं. अर्धा भोपळा फाटकाबाहेर गेला होता.

कुणी विचारेल की त्या क्षणी माझ्या मनात काय आलं. हात चालतोय, देवा तुझे उपकार, असं यायला हवं होतं. तसं काही आलं नाही. मनात आलं, माझा भोपळा.

"ठेवा तो खाली!"

हे दचकले, पण बोट उचललं नाही. "बोलू नकोस. निसटेल."

"चोरी करता? उद्या शेतातली जत्रा आहे!"

"फाटक उघडं कुणी ठेवलं? नियमात बसतं. मी वाचलंय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे तुम्ही? तुम्ही प्लेअर टू?"

"मग काय सॅटेलाइट?"

दारातून क्लेमेंटीनचा फुर्रकन आवाज आला.

"तीन आठवडे मी तुम्हाला वांगी पाठवते आहे! केळी पाठवली! आणि तुम्ही मला गवत पाठवलंत?"

"गवतच ओढता आलं मला!" हे ओरडले. हो, ओरडले. "दोन तास घालवले त्या काडीवर! आणि तू काय म्हणालीस? आईने वळण लावलं नाही. माझी आई काढलीस तू, सुहास. दोनदा!"

"मला काय माहीत ती तुमची आई! सांगायचं होतं ना!"

"काय सांगायचं? की तू टाळ्या वाजव, मी बोट टेकवतो? 'शाब्बास, हो हं, माझ्यासाठी हं?' पाच महिने झाले, या घरात मला कुणी साधं मूर्ख म्हटलेलं नाही!"

"मूर्ख आहातच तुम्ही! पाणी किती घालावं ते कळत नाही, नि दुसऱ्याच्या भोपळ्यावर डोळा!"

आणि मी फोन धरला आणि ओढला.

ह्यांनीही तो धरला होता. सुटेना.

मला आणखी राग आला. दोन्ही हातांनी धरला, चपला पायातच होत्या, त्या फरशीवर रोवल्या आणि ओढला. सिस्टर बेनेडिक्टांचं सगळं शिक्षण त्या क्षणी खिडकीतून खाली गेलं. तोंडातून निघाली ती निर्मळची, आमच्या बाबांच्या बागेतली भाषा, जी लग्नानंतर हे हसतात म्हणून मी कधीची बंद केली होती. "सोडा म्हनते ना! मी पानी घातलंय त्याला! तीन-तीन टायमाला पानी घातलंय!"

"हां," हे दात आवळून म्हणाले, "आत्ता बोललीस."

समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं, बंद झालं. मी ओढत होते. उशी खाली पडली, चष्मा पडला, भोपळ्याचं काय झालं ते कुणीच बघत नव्हतं.

तेवढ्यात क्लेमेंटीन दारातून हळूच म्हणाली, "सुहास. हात बघ त्याचा."

मी बघितलं. ह्यांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. फोन उजव्या हातात होता. अंगठा एका बाजूला, चार बोटं दुसऱ्या बाजूला, नखं पांढरी पडलेली. मी, एक धडधाकट बाई, दोन्ही हातांनी ओढत होते आणि तो हात सोडत नव्हता.

ह्यांनीही खाली बघितलं. त्यांना माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा बघून मला कळलं की त्यांनाही आत्ताच दिसलं.

माझे हात आपोआप सैल पडायला लागले होते.

"सोडू नका," मी म्हटलं. अगदी बारीक आवाजात, मेणबत्ती हलणार नाही असा.

"सोडतोय कोण?" हे खेकसले. "आणि तू का थांबलीस?"

मग मी पाय नीट रोवले आणि आणखी जोरात ओढला.